पाहिलेले गाव, रचलेला गुन्हा

रहस्यकथेत स्थळाचे काम इतर कथांपेक्षा वेगळे असते. सामाजिक कादंबरीत गाव माणसे घडवते, प्रेमकथेत ते वातावरण पुरवते. रहस्यकथेत मात्र ते साक्षीला उभे राहते. गुन्ह्याच्या वेळी कोण कुठे होते, तिथून इथवर यायला किती वेळ लागतो, मधले दार कोणत्या बाजूने उघडते, खिडकीतून नेमके काय दिसते, या प्रश्नांवर सगळे कोडे उभे असते आणि त्यांची उत्तरे जागेकडूनच येतात. त्यामुळे लेखकाने स्वतः पाहिलेल्या जागेला या साहित्यप्रकारात मोठा मान आहे. फक्त तो मान सहसा चुकीच्या कारणासाठी दिला जातो. प्रत्यक्ष पाहिल्यामुळे वर्णन जिवंत उतरते, असे म्हटले जाते. वर्णन तर एखादे चांगले प्रवासवर्णन वाचूनही लिहिता येते. प्रत्यक्ष जाण्याचा खरा फायदा अडचणी कळण्यात आहे: चुकलेली गाडी, दरड कोसळून बंद झालेला घाट, संध्याकाळी सातला कुलूप लागणारे फाटक, भरतीची वाट पाहत खोळंबलेली होडी. प्रवाशाला ज्याचा वैताग येतो, नेमके तेच रहस्यकथेच्या कामी येते.

अगाथा ख्रिस्ती यांचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. १९२८ मध्ये, घटस्फोटानंतर, त्या एकट्याच ओरिएंट एक्स्प्रेसने पूर्वेकडे निघाल्या आणि बगदादमार्गे उर येथील उत्खननापर्यंत पोचल्या. तिथे पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांचे काम चालू होते. १९३० मध्ये त्या पुन्हा उरला गेल्या तेव्हा वुलींचे तरुण सहकारी मॅक्स मॅलोवन यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात दोघांचे लग्न झाले. पुढे इराक आणि सीरियातील उत्खननांचे कित्येक हंगाम त्यांनी नवऱ्याबरोबर काढले. १९३१ च्या डिसेंबरात निनेव्हेहून एकट्या परतताना त्यांची ओरिएंट एक्स्प्रेस पावसापाण्याने रूळ खचल्यामुळे वाटेतच अडकली. त्याआधी १९२९ च्या हिवाळ्यात हीच गाडी तुर्कस्तानात चेर्केझकोयजवळ बर्फात कित्येक दिवस रुतून बसली होती. १९३४ मध्ये आलेल्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’च्या मागे असे हे खोळंबे आहेत.

ही कादंबरी प्रवासवर्णन म्हणून वाचायला घेणाऱ्याची निराशा होते. गाडी युगोस्लाव्हियात व्हिन्कोव्त्सी आणि ब्रॉड या गावांच्या दरम्यान थांबते, पण त्या मुलखाचे वर्णन जवळपास नाहीच. खिडकीबाहेर बर्फ आहे, एवढेच. लेखिकेचे सगळे लक्ष इस्तंबूल-कॅले डब्याच्या आखणीवर आहे. एका बाजूला लांब बोळ, बोळाला लागून ओळीने खोल्या, शेजारच्या दोन खोल्यांमध्ये कडी असलेले दार, आणि बोळाच्या टोकाला कंडक्टरची बसायची जागा. रात्री बोळातून कोण गेले, कुणी कुणाला पाठमोरे पाहिले, कोणत्या खोलीची घंटा वाजली, हे सारे त्या आखणीतून सुटते. रात्रीच्या गाडीत झोप न लागलेल्या प्रवाशाला डब्यातले जे आवाज ऐकू येतात, त्या आवाजांवर अर्धी कादंबरी उभी आहे. ‘मर्डर इन मेसोपोटेमिया’ (१९३६) मध्येही प्राचीन अवशेषांपेक्षा उत्खननाच्या मुक्कामाचे घर महत्त्वाचे ठरते: मधोमध अंगण, चारी बाजूंनी अंगणात उघडणाऱ्या खोल्या, आत येण्याची एकच वाट. अशा घरात महिनोन्महिने राहिलेल्या बाईलाच हे सुचावे की बाहेरचा माणूस इथे नकळत येणे अशक्य आहे, म्हणजे खुनी जेवणाच्या टेबलावरच बसलेला असणार.

इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्याजवळचे बर्ग बेट ख्रिस्ती यांच्या दोन कादंबऱ्यांना मिळाले. ओहोटीला वाळूवरून या बेटावर चालत जाता येते. भरतीला मधली वाट पाण्याखाली जाते. ‘अँड देन देअर वेअर नन’ (१९३९) मधले बेट आणि ‘ईव्हिल अंडर द सन’ (१९४१) मधले हॉटेलचे बेट, दोन्हींचे मूळ इथे आहे. एकाच जागेतून दोन वेगळी कोडी निघाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पहिल्यात बेट जगापासून पूर्ण तोडून टाकले आहे आणि वादळ ते तुटलेपण टिकवून धरते. दुसऱ्यात येणे-जाणे चालू आहे, पण त्यावर नजर ठेवता येते. तिथे प्रश्न मिनिटांचा होतो.

भरती-ओहोटीचे हे गणित कोकणच्या किनाऱ्यावर याहून सोपे आणि याहून देखणे आहे, तरी मराठी रहस्यकथेने ते फारसे वापरलेले दिसत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशोब किनाऱ्यावरच्या कोळ्यांना तोंडपाठ असतो. चतुर्थीला साधारण तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, आणि दिवसाकाठी हे चक्र दोनदा. आता हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट घ्यावी. देवळामागून टेकडी चढून खडकातल्या अरुंद घळीतून पायऱ्यांनी समुद्राशी उतरायचे आणि खडकांवरून वळसा घालून परत यायचे. ही वाट ओहोटीलाच मोकळी असते आणि भरतीच्या वेळी तिथे जाणे जिवावर बेतते. एखाद्या संशयिताने चतुर्थीच्या दुपारी तीनला आपण प्रदक्षिणा घालत होतो असे सांगितले, तर त्याचा खोटेपणा उघड करायला ना प्रयोगशाळा लागते ना सीसीटीव्ही. भिंतीवरचे पंचांग पुरते. मुंबईत हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारा रस्ताही भरतीला पाण्याखाली जातो, तेव्हा हे कोडे भर शहरातही मांडता येईल. पण त्यासाठी लेखकाने त्या रस्त्याच्या तोंडाशी कधीतरी खोळंबून उभे राहिलेले असावे लागते.

वेळ आणि जागा यांची सांगड किती बारीक असू शकते, याचा नमुना जपानी लेखक सेइचो मात्सुमोतो यांच्या ‘तेन तो सेन’ या कादंबरीत आहे. ती १९५७-५८ मध्ये क्रमशः आली ती ‘ताबी’ या प्रवासविषयक मासिकात. टोकियो स्थानकावर क्रमांक १३ च्या फलाटावर काही माणसे उभी आहेत. समोर क्रमांक १५ वर क्यूशूकडे जाणारी ‘असाकाझे’ गाडी लागली आहे आणि ओळखीचे एक जोडपे तीत चढताना त्यांना दिसते. पुढे ते जोडपे हाकाताजवळच्या काशिई किनाऱ्यावर मृतावस्थेत सापडते. प्रेमिकांची आत्महत्या, असे सगळे धरून चालतात. पोलिसाच्या ध्यानात येते ते असे की त्या गजबजलेल्या स्थानकात १३ आणि १५ या फलाटांच्या मधल्या रुळांवर गाड्यांची ये-जा सतत चालू असते. एका फलाटावरून दुसरा दिसतो तो दिवसातून फक्त चार मिनिटे, संध्याकाळी ५.५७ ते ६.०१ या वेळात. म्हणजे ती साक्ष योगायोगाने मिळाली की कुणी घडवून आणली? याच कादंबरीत काशिईला एकमेकांपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर असलेली दोन स्थानके आहेत, एक राष्ट्रीय रेल्वेचे आणि एक खासगी कंपनीचे, आणि तेवढे अंतर चालायला एखाद्या जोडप्याला किती वेळ लागावा यावर तपासाचा एक धागा आहे. काशिई ज्या उत्तर क्यूशूत आहे, त्याच भागात मात्सुमोतो वाढले होते. दोन स्थानकांमधला तो रस्ता नकाशावर दिसतो. तो चालताना रमतगमत गेले तरी इतका उशीर होत नाही, हे पायांनाच कळते.

ख्रिस्ती आणि मात्सुमोतो यांच्याइतकी काटेकोर निष्ठा सर्वांना मानवत नाही, आणि तिचा अतिरेकही होतो. डोरोथी सेयर्स यांनी सुट्टीतल्या मुक्कामांमुळे ओळखीच्या झालेल्या स्कॉटलंडमधील गॅलोवे भागावर ‘फाइव्ह रेड हेरिंग्ज’ (१९३१) लिहिली. त्यातली गावे खरी, गाड्या खऱ्या, निसर्ग जसा आहे तसा. आपण फक्त काही घरे नवी बांधली, अशी कबुली त्यांनी प्रस्तावनेतच देऊन टाकली. परिणाम असा की वाचकाला सहा चित्रकारांच्या हालचाली, सायकली, तिकिटे आणि गाड्यांच्या वेळा यांचा ताळेबंद मांडत बसावे लागते. भूगोल अचूक, कोडे निर्दोष, आणि मधली शंभर पाने कोरडी. पाहिलेले सगळे कथेत आलेच पाहिजे, हा हट्ट इथे नडला.

आर्थर कॉनन डॉयल यांनी उलट टोक गाठले. १९०१ मध्ये पत्रकार मित्र फ्लेचर रॉबिन्सन यांच्यासह त्यांनी डार्टमूरच्या माळरानावर भटकंती केली. मुक्काम होता प्रिन्सटाउनला. तेवढ्यावर ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ उभी राहिली. प्रिन्सटाउनचा तुरुंग त्यांनी नावानिशी ठेवला आणि तिथून पळालेला कैदी कथेत आणला. माळावरच्या प्रागैतिहासिक दगडी झोपड्या घेतल्या आणि होम्सला त्यांत लपवले. ग्रिम्पेनची दलदल मात्र फॉक्स टॉर मायर्स या खऱ्या दलदलीवरून बेतून, नाव बदलून, हवी तेवढी भयानक केली. गावांची नावे नवी दिली आणि अंतरे सोयीने ताणली. डार्टमूरचा जाणकार या भूगोलात चुका काढू शकतो. पण त्या चुकांनी कोड्याला धक्का लागत नाही. तुरुंग, झोपडी आणि माणूस गिळणारी जमीन या तीन गोष्टी डार्टमूरवर एकत्र आहेत, आणि कथेला तेवढ्याच हव्या होत्या.

भारतात या विषयाचा सर्वांत जाणता वापर सत्यजित राय यांनी केला. त्यांच्या फेलूदा या गुप्तहेराची पहिली कथा १९६५ मध्ये ‘संदेश’ मासिकात आली ती दार्जिलिंगची. तिथेच त्यांनी ‘कांचनजंघा’ चित्रित केला होता. जैसलमेरचा किल्ला त्यांनी ‘गुपी गाइन बाघा बाइन’च्या चित्रीकरणासाठी पाहिला, त्यावर १९७१ मध्ये ‘सोनार केल्ला’ लिहिली आणि १९७४ मध्ये तिचाच चित्रपट केला. बनारस त्यांना ‘अपराजितो’पासून ओळखीचे होते, ‘जय बाबा फेलुनाथ’ तिथे घडते. वेरूळशी नाते त्याहून जुने. शांतिनिकेतनात चित्रकला शिकत असताना राय सहविद्यार्थ्यांबरोबर अजिंठा-वेरूळच्या लेण्यांना येऊन गेले होते. तीस वर्षांनी ‘कैलासे केलेंकारी’मध्ये त्यांनी प्राचीन मूर्ती फोडून परदेशात विकणाऱ्या टोळीचा माग भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरापासून वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंत नेला. मूर्तिचोरीला वेरूळ हे नुसते शोभिवंत पार्श्वचित्र ठरत नाही. दोनेक किलोमीटरच्या कड्यात पसरलेली चौतीस लेणी, भर दुपारीही आत असलेला काळोख, दिवसभर येणारे प्रवासी आणि एवढ्या पसाऱ्यावर अपुरी पडणारी देखरेख, ही या गुन्ह्याची अटच आहे.

राय यांनी आणखी एक मिस्कील गोष्ट केली. न पाहिलेल्या जागांवर लिहिणारा लेखकच त्यांनी पात्र म्हणून कथेत आणून बसवला. ‘सोनार केल्ला’त आगगाडीत भेटणारे लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू हे खपाऊ साहसकथांचे लेखक आहेत. सहारा वाळवंटावर त्यांनी कादंबरी लिहिली आहे. उंट पाणी कुठे साठवतो याची माहिती मात्र त्यांना धड नाही आणि फेलूदाला ती दुरुस्त करावी लागते. पुढे राजस्थानात त्यांना प्रत्यक्ष उंटावर बसावे लागते, तेव्हा त्यांची जी त्रेधा उडते ती विनोदासाठी आहेच. शिवाय वाळवंट आणि वाळवंटाची कल्पना यांतला फरक वाचकाला तिथे हसता हसता कळतो.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप निघतो. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने मुंबई पोलिसातील इन्स्पेक्टर घोटे हा नायक निर्माण केला तेव्हा त्याने मुंबई पाहिलेली नव्हती. ‘द परफेक्ट मर्डर’ १९६४ मध्ये आली, तिला ब्रिटनच्या गुन्हेकथा लेखक संघाचा गोल्ड डॅगर पुरस्कार मिळाला आणि कीटिंग मुंबईत उतरले ते त्यानंतर दहाएक वर्षांनी. तोवर घोटेच्या अनेक कादंबऱ्या निघून गेल्या होत्या. मग स्थळ पाहण्याची गरज काय? घोटेच्या कथा नीट पाहिल्या की उत्तर मिळते. पहिल्याच कादंबरीत घोटेला एका पारशी सचिवावरच्या हल्ल्याचा तपास करायचा आहे आणि त्याच वेळी मंत्र्याच्या टेबलावरून नाहीशा झालेल्या एका रुपयाचाही. त्याच्यापुढची अडचण आहे ती साहेबांची, मंत्र्यांची, बड्या शेठजींची आणि घरच्या कुरबुरींची. दादरहून कुलाब्याला जायला किती वेळ लागतो, भरतीचे पाणी कुठवर येते, यावर काहीच अडत नाही. कीटिंग यांचे कोडे माणसाच्या भिडस्तपणावर उभे आहे आणि ते मुंबईऐवजी नागपुरात ठेवले तरी चालले असते. स्थळाला साक्षीला बोलवायचे नसेल तर ते पाहिलेच पाहिजे असे नाही, एवढेच या उदाहरणाने सिद्ध होते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांबद्दलही हेच म्हणता येईल. त्या वेगात जागा पाहत बसायला सवड नव्हती, आणि त्यांच्या झुंजार या नायकाच्या वाचकालाही पुढच्या पानाची घाई होती. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे तसे नाही. फुरसुंगीचा हा पोरगा प्रतापगडावर किंवा गुलमर्गला जातो तेव्हा ती जागा त्याच्या सायकलीच्या आणि पायांच्या वेगाने समोर येते, आणि मुलांना ती खरी वाटते.

स्थळ पाहण्याच्या मर्यादेकडे मात्र डोळेझाक करून चालत नाही. पाहुण्याला गाव एकाच बाजूने दिसते. माथेरान हे त्याचे जवळचे उदाहरण. गाड्या दस्तुरी नाक्यापाशी थांबतात, पुढे मोटारींना बंदी. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी रेल्वेही बंद असते. मुंबई-पुण्याहून आलेल्या लेखकाला वाटते की गावाला बाहेर पडायची वाट एकच, म्हणजे बंदिस्त खुनासाठी आयतीच जागा. डोंगराखालच्या वाड्यांतून पायवाटांनी वर येणाऱ्या आदिवासींना यावर हसू येईल. लेखकाने हे समजून न घेता कथा लिहिली तर ती पहिल्याच जाणत्या वाचकापाशी कोसळते. समजून घेऊन लिहिली तर तेच कोड्याचे मर्म होते: हॉटेलात उतरलेले सगळे दस्तुरीवर नजर ठेवून आहेत आणि गुन्हेगार चौकच्या बाजूला उतरून केव्हाच पसार झाला आहे. परक्या नजरेचा आंधळेपणा लेखकाला लपवण्याची गरज नाही. तो एखाद्या पात्राला देऊन टाकता येतो.

माणसांच्या बाबतीत हा आंधळेपणा अधिक महाग पडतो. ख्रिस्ती यांच्या पूर्वेकडील कादंबऱ्यांत इजिप्शियन आणि अरब माणसे बहुतेक हमाल, नोकर, होडीवाले अशीच येतात. ती संशयित म्हणूनसुद्धा गंभीरपणे घेतली जात नाहीत, हे आज वाचताना खटकते. कारण उघड आहे: हॉटेलात, बोटीवर आणि उत्खननावर त्यांच्याशी जेवढा संबंध आला, तेवढीच ती कथेत आली. जॉर्ज सिमेनॉन यांनी १९२८ पासून स्वतःच्या बोटीने फ्रान्सचे कालवे पालथे घातले. त्यामुळे त्यांच्या मेग्रे या पोलीस तपासकाच्या सुरुवातीच्या कथांत कालव्यावरचे नावाडी, घोडे हाकणारे गडी, दरवाजे उघडणारे कामगार हे सर्व संशयाच्या आणि सहानुभूतीच्या कक्षेत येतात. अॅन क्लीव्ह्स यांनी शेटलंडवर लिहिण्याच्या कितीतरी आधी फेअर आयलवरच्या पक्षी-निरीक्षण केंद्रात स्वयंपाकी म्हणून काम केले होते. स्वयंपाकघरातून गाव कळते तसे हॉटेलच्या गच्चीतून कळत नाही. पण गाव इतक्या जवळून कळले की त्याचे ओझेही येते: अमेरिकेतून येऊन व्हेनिसमध्ये अनेक वर्षे राहिलेल्या डोना लिऑन यांनी तिथेच घडणाऱ्या आपल्या ब्रुनेटी-कथा इटालियनमध्ये भाषांतरित होऊ दिल्या नाहीत.

खऱ्या जागेत खोटा गुन्हा घडवताना खऱ्या माणसांची अब्रू सांभाळणे हेही आलेच. ‘मर्डर इन मेसोपोटेमिया’तली खून होणारी बाई वुलींच्या पत्नी कॅथरीन यांच्यावर बेतलेली आहे, असे ओळखीच्यांना वाटलेच. रूढ आणि शहाणपणाची रीत अशी: शहर, नदी, किल्ला, रेल्वे खरी ठेवावी, ज्या घरात किंवा हॉटेलात प्रेत सापडते ते कल्पित असावे. गावचा पाटील, संस्थेचा ट्रस्टी, ठाण्याचा फौजदार ही पदे प्रत्येक गावात एकेकच असतात, त्यामुळे लहान गावाचे नाव खरे ठेवले तर पात्राचे नाव बदलूनही उपयोग होत नाही. तिथे गावच नवे वसवावे आणि ते दोन खऱ्या गावांच्या मध्ये ठेवावे, म्हणजे एसटीच्या वेळा आणि नदीचा पूर खरा राहतो.

आणि जागा बदलतात. ‘डेथ ऑन द नाइल’ (१९३७) मधली बोट अस्वानजवळून वादी हाल्फाकडे जाते आणि वाटेत अबू सिंबेलला थांबते. अस्वानच्या मोठ्या धरणामुळे १९६० च्या दशकात अबू सिंबेलची मंदिरे कापून सुमारे ६५ मीटर वर हलवली गेली आणि जुने वादी हाल्फा गाव नासर सरोवराखाली गेले. इस्तंबूल-पॅरिस थेट धावणारी ओरिएंट एक्स्प्रेस १९७७ मध्ये थांबली, ‘असाकाझे’ २००५ मध्ये. माथेरानला आता ई-रिक्षा आल्या आहेत, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या मुक्कामावर बेतलेले कोडे आज तसेच्या तसे चालणार नाही. यावर उपाय एकच: कथेत साल, महिना, गाडीचे नाव आणि वेळ स्पष्ट लिहावी. मात्सुमोतो यांनी ती लिहिली होती, म्हणून गाडी बंद झाल्यावर सतरा वर्षांनी, २०२२ मध्ये, ‘टोकियो एक्स्प्रेस’ या नावाने आलेल्या नव्या इंग्रजी भाषांतरातही ती चार मिनिटे जशीच्या तशी पटतात.